दोन पोटांची बोट

आबा, मी आता बोट चालवते. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि आपल्या घरात समुद्र कुणी नीट पाहिलेलाही नव्हता. पावसाळ्यात रामकुंडावर पूर बघायला जायचो, तेवढंच आपलं पाणी. आता मुंबईच्या धक्क्यावरून पलीकडच्या किनाऱ्यावर माणसं नेणारी बोट माझ्या हातात असते. कॅटामरान म्हणतात तिला. एका रुंद पोटाऐवजी तिला दोन अरुंद पोटं असतात, एकमेकांपासून लांब, आणि त्यांना जोडणाऱ्या मजल्यावर प्रवासी बसतात. चालत्या एसटीत कंडक्टर पाय फाकवून उभा राहतो ना, तशी ती पाण्यावर उभी असते. सहसा कलत नाही. पण समुद्र खवळला की तिचाही स्वभाव बदलतो. समोरच्या लाटांवर वेगात घातली तर मजल्याखाली पाणी असं आदळतं की दात वाजतात. आणि लाट मागून आली तर ती उतारावरून घसरावं तशी घसरते आणि दोन्ही पोटांची नाकं पुढच्या लाटेत खुपसू पाहते.

असा उतार समोर आला की मला पेठच्या रस्त्यावरचा घाट आठवतो. शाळेला सुट्टी आहे आणि मी तुमच्या एसटीत, तुमच्या मागच्याच सीटवर दांडी धरून बसले आहे. धुकं इतकं की बोनेटपुढे रस्ताच नाही. उतार लागायच्या आधीच तुम्ही गाडी खालच्या गिअरमध्ये टाकता. मागून कुणीतरी ओरडतं, "ओ डायवर, बैलगाडी हाय का ही? लय उशीर झालाय!" तुम्ही आरशातसुद्धा बघत नाही. "बैलगाडीच समजा," एवढंच म्हणता. मी खिदळते, तर मलाच दम भरता, "हसू नकोस. त्याला खरंच घाई असेल." तो माणूस घाट संपेपर्यंत बोलत राहिला आणि तुम्ही त्याच चालीनं उतरत राहिलात.

मेच्या अखेरीस, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या जरा आधी, असंच झालं. वारा संध्याकाळी वाढेल असा अंदाज होता, तो दुपारीच वाढला. पलीकडचा किनारा डोळ्यांसमोर असताना तिथल्या जेटीवरून निरोप आला, पाणी फार उसळतंय, बोट लागणार नाही. मी परतायचं ठरवलं. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण माझ्या केबिनच्या दारात आला. त्याची आई मागे सीटवर पिशवीत ओकत होती.

"मॅडम, किनारा दिसतोय की! जरा रेटा ना. बहिणीचं लग्न आहे माझ्या, आत्ता, तिकडे!"

माझ्या जिभेवर कडक उत्तर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "तुमची घाई कळते मला. पण जेटीला लागताना बोट आपटेल, उतरताना कुणाचा तरी पाय मध्ये सापडेल. परत जावं लागेल."

तो आईजवळ जाऊन बसला. बोटीवरच्या खलाशीमामांनी पुढच्या लोकांना मागे, मधोमध आणून बसवलं. तिथे हिसके कमी लागतात. आता बोट वळवायची होती, आणि वळताना ती काही क्षण लाटांना आडवी होते, तीच खरी भीती. मोठ्या लाटा जाऊ दिल्या. पाणी जरा बसलं तसं एक इंजिन पुढे, दुसरं मागे दिलं, आणि ती जागच्या जागी फिरली. किती गुणी बोट आहे ती, आबा! आता लाटा मागून येत होत्या, पुढे सगळं संयमाचं काम. लाटेच्या पुढे पळायचं नाही, वेग उतरवायचा आणि तिला आपल्या खालून जाऊ द्यायचं. एकदा तरीही नाकं बुडाली. काचेवर नुसतं हिरवं पाणी, मागे किंकाळ्या. मी इंजिनांचा वेग अजून उतरवला. बोट थबकली, थरथरली, आणि पाणी झटकत वर आली. भरल्या गाडीचा राग पाठीवर घेऊन हळू चालवणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही ते नोकरीभर केलंत, आणि घरी येऊन कधी त्याबद्दल बोललाही नाहीत.

धक्क्याला लागलो. कुणाला खरचटलंही नव्हतं. उतरताना त्या तरुणाच्या आईनं माझा दंड धरला. "तापट आहे गं हा. तू त्याची घाई मानलीस, म्हणून गप्प बसला." ते दोघं गाडी करून रस्त्यानं गेले. चार दिवसांनी, समुद्र निवळल्यावर, माझ्याच बोटीनं परत आले. मुहूर्त चुकला होता, जेवणाची पंगत तेवढी सापडली होती. त्यानं बुंदीचे लाडू माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "बहीण रुसलीय अजून."

हे तुमच्याशिवाय कुणाला लिहावं असं वाटलं नाही, आणि लिहूनही ते कुठे टाकायचं नाही. नाशिकला तर नेणारच नाही, आईच्या हाती लागेल. ती रोज संध्याकाळी फोन करते, "आज पाणी शांत होतं ना गं?" त्या दिवशीही तिनं विचारलं. मी हो म्हणाले.