मामांच्या खिडकीतली वायर

दि. ९ मार्च

ती. स्व. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन जिने उतरले की तुमचे दार. तरीही पत्राने बोलण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. समोर आले की माझे शब्द पळून जातात, हे तुम्ही जाणताच.

विषय आईच्या विजेवरच्या गाडीचा आहे. आपल्या इमारतीला गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून तुम्ही शिलाईच्या खोलीच्या खिडकीतून वायर रस्त्यापर्यंत सोडू दिलीत. कोणी अडखळू नये म्हणून तिच्यावर रबरी पट्टीही अंथरलीत. परंतु गेले काही दिवस सकाळी गाडी चार्ज झालेलीच नसते. भिंतीवरचे बटण बंद असते, असे आई म्हणते. भावाला जड होत असेल तर त्याने तोंडाने सांगावे, असे म्हणून तिने गाडी विकायला काढली आहे. रविवारी गिऱ्हाईक येणार. मग बाळंतिणींच्या घरी जाण्याचे परिचारिकेचे काम सोडून ती दवाखान्यात खुर्चीवर बसेल. बाळे पाहून आलेली आई आणि खुर्चीवरून उठून आलेली आई यांतला फरक मला ठाऊक आहे.

तुमचे मन दुखावले असेल तर कळवावे. लोभ उणा होऊ देऊ नये, ही प्रार्थना.

आपली आज्ञाधारक भाची


दि. १० मार्च

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

पुस्तकं कुरतडण्यातून मामासाठी वेळ काढलास, धन्य झालो. तुझी भाषा पाहून मी आधी अंगात सदरा घातला, मग पुढे वाचलं.

अगं, मी कशाला बंद करू? उलट बटण बंद दिसलं की मला वाटायचं, ताईसाहेबांना माझी वीज नकोशी झाली. तिचा ताठा लहानपणापासूनचा. म्हणून मीही गप्प राहिलो. संध्याकाळी ती वायर लावते, हल्ली न बोलता चहा पिते आणि जाते. रात्रीचं शिवणं मी नुकतंच सोडलंय, त्यामुळे नंतर सकाळपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकत नाही. भूत असेल तर त्याला निदान काजं करायला बसवू.

उद्या चहाला तूही ये. नुसती बैस, बोलू नकोस. ते तुला जमतं.

तुझा मामा


ती. स्व. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुम्ही कप विसळायला आत गेलात, तेव्हा आई उठली. दाराशी पोहोचताच तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि बटण बंद झाले. तिला कळलेही नाही.

जिन्यात मी धीर करून सांगितले. ती पायरीवरच बसली आणि हसू आवरेपर्यंत उठली नाही. आजोबांच्या वेळी इस्त्री चालू राहून गिऱ्हाइकाची विजार जळाली होती. तेव्हापासून त्या खोलीतून शेवटी निघणाऱ्याने दाराजवळचे बटण बंद करायचे, नाहीतर जेवण नाही, अशी शिस्त होती म्हणे. गाडीची वायर इस्त्रीच्याच जागी लागते. आम्ही पुन्हा खाली येऊन बटण चालू केले, तेव्हा तुम्ही आत बातम्या ऐकत होता. तुम्ही वर्षभर चिडवाल या भीतीने आईने हाक मारली नाही.

आज गाडी पूर्ण चार्ज झाली आहे. गिऱ्हाइकाला तिने नकार कळवला आणि जुळ्या मुलींना पाहायला निघाली. जाताना तिने तुमच्या खिडकीखाली विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला. ती तिची माफी होती. कृपया स्वीकारावी.

तुमच्या मायेतली,
भाची

गुरुवार, दि. १२ मार्च, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तुमच्या दाराखालून सरकवले.