खारवलेल्या बिया

११ मे १९९६

चि. जिबेकला आजीचे अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. डोंगराच्या पायथ्याशी राहते, घोड्यांच्या धारा काढते, तोंडानं जरा तिखट आहे. आठवली का? आठवली असेल तर हेही आठव की या आजीला खारवलेल्या जर्दाळूच्या बिया लागतात. बसवाल्याबरोबर पाठवलेली तुझी पिशवी मिळाली. चहा आला, तांदूळ आला, खडीसाखर आली, मी न मागितलेले मोजेसुद्धा आले. बिया तेवढ्या नाहीत. बिश्केकच्या हवेत माणूस लवकर विसरभोळा होतो म्हणायचा.

हे पत्र नुर्झात लिहितेय. वयानं तुझ्याहून लहान असली तरी तुझ्या एर्मेककाकाची बायको आहे, तेव्हा काकूच्या अक्षराला नावं ठेवू नकोस. मला अक्षरं येत नाहीत त्यात माझा दोष नाही. मी लहान होते तेव्हा एक लिपी होती. ती शिकावी म्हणते तोवर सरकारनं दुसरी आणली. तिची ओळख व्हायच्या आत तिसरी. आता पुन्हा बदलायची म्हणून रेडिओवर वाद चाललाय. मी म्हटलं, तुमचं एकदा काय ते ठरू दे, मग मला सांगा.

इथे सगळं ठीक. काश्काला शिंगरू झालंय. आईसारखाच कपाळावर पांढरा पट्टा, आणि खोड्याही आईसारख्याच. एर्मेक तंबूचे लोकरीचे जाड नमदे उसवून शिवत बसलाय. जून लागला की खिंड ओलांडून वरच्या कुरणात जायचं. यंदा दुभत्या घोड्या जास्त आहेत. "आई, यंदा दूध आंबवून कुमिस करायला बुधले कमी पडणार," असं रोज खुशीत म्हणतो. मी हं म्हणते.

दवाखान्याचं विचारशील. त्यात विचारायचं काय? तू होतीसच बरोबर. वय झालं, असं डॉक्टरीण म्हणाली. इथे सगळ्यांना मी तेच सांगितलंय.

नुर्झात विचारतेय, "आई, वयाला तीन रंगांच्या गोळ्या देतात?" तू लिही गं. मधे बोलू नकोस.

आता माझी पंचाईत बघ, जिबेक. तुला सांगायचं होतं की घरात काही बोलू नकोस. पण ते तुझ्यापर्यंत पोचवायचं तर घरातल्याच बाईच्या कानातून जावं लागतं. सकाळपासून मी शिंगराबद्दल बोलतेय. अजून किती बोलू? शिंगरू ते केवढं!

लिही, नुर्झात. माझ्या हृदयातलं एक दार नीट उघडत नाही. बिजागरी गंजली म्हण. खिंड ओलांडायची नाही, ओझं उचलायचं नाही, गुडघा टेकून धार काढायची नाही. खाली निवांत राहिले तर काही वर्षं निघतील. वर गेले तर... इथे ती डॉक्टरीण थांबली आणि चष्मा पुसायला लागली. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी दोघींकडे बघत होते.

शाई पसरलीय ती माझ्यामुळे नाही. ही रडतेय.

मला एवढंच कळत नाही, पोरी. छातीचे रोगी दर उन्हाळ्यात शहरातून आमच्या तंबूत येतात. डॉक्टरच धाडतात, कुमिस प्या म्हणून. त्यांना वर चढवायचं आणि त्यांच्यासाठी धार काढते तिला खाली बसवायचं! पण डॉक्टरीण खोटं बोलत नव्हती, हेही दिसत होतं. जाऊ की राहू? विचार करून कळव. आणि बिया पाठव.

तुझी आजी


२४ मे १९९६

चि. जिबेकला आशीर्वाद.

पत्र पोचलं. चार पानं भरून काळजी, आणि पिशवीत बिया पुन्हा नाहीत. एवढं सातत्यानं विसरायलाही डोकं लागतं.

नुर्झातनं त्याच दिवशी नवऱ्याला सांगून टाकलं. आत्ता म्हणतेय, "मी नाही सांगितलं. मी रडत होते, त्यांनी विचारलं." बरं, तसं लिही. एर्मेक सुई हातात घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"आई, तू खाली राहायचंस."

"आणि काश्काची धार?"

"काश्का घोडी आहे, आई."

"हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तू सांगून बघ."

तुला तर ठाऊक आहे. काश्का कळपाची म्होरकी. दुसरं कोणी कासेला हात लावला की पान्हा चोरते, आणि ती चोरते म्हटल्यावर बाकीच्याही कान टवकारतात. तिच्या पहिल्या वेतापासून धार मीच काढतेय. मी नाही गेले तर एर्मेकनं वर जाऊन करायचं काय? गवत मोजायचं?

असं मी म्हटलं खरं. पण जिबेक, माझं मलाच धड कळेना. चहा पिताना ठरवते, राहायचं. पेला धुवून होईपर्यंत ठरतं, जायचं. सगळे 'नको' म्हणायला लागल्यापासून पाय आपोआप खिंडीकडे वळतात. कोणी 'चल' म्हटलं असतं तर कदाचित मीच म्हणाले असते, नको बाबा, जरा टेकते. जूनमध्ये गाव कसं होतं ते तुला आठवतं ना? कोंबड्या उरतात आणि ज्यांना वर नेऊन उपयोग नाही अशी माणसं उरतात. मी मोठं काही विचारत नाही. पहाटे जाग आली की उठून जायचं कुठे, एवढं मला कोणीतरी सांगा.

आता परवाचं ऐक. हे सांगायचं नव्हतं, पण लिहिणारी हीच आहे, आणि हिलाच ते जास्त माहीत आहे.

गोळ्यांनी झोप फार येते. उशिरा उठले, खिडकीतून पाहते तर दावणीपाशी मीच बसलेय. माझा काळा मखमली कोट, माझा पांढरा रुमाल, बादली मांडीवर, एक हात काश्काच्या मागच्या पायाभोवती. मनात म्हटलं, झालं! मी गेले, आणि आता बाहेरून बघतेय. मेल्यावर इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. मग त्या दावणीवरच्या 'मी'ला शिंक आली. नुर्झात होती.

काश्का उभी होती. शांत. धारेचा आवाज खिडकीपर्यंत येत होता.

नुर्झात आत आली, बादली खाली ठेवली. भरली नव्हती, पण लाज वाटावी अशीही नव्हती. "आई, रागावलात?"

"कोट कोणाला विचारून घातलास?"

"तुम्ही झोपला होता."

"रुमाल उलटा बांधलायस."

रुमाल सुलटाच होता, जिबेक.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला. मग दिवसभर मी काश्काशी एक शब्द बोलले नाही, आणि रात्री तिचं दूध न पिता झोपले. हा कुठला आनंद, तू शिकलेली आहेस, तूच सांग.

तुझी आजी


२ जून १९९६

चि. जिबेकला आशीर्वाद.

परवा ट्रक निघणार. नमदे गुंडाळले, कढई बांधली, माझं गाठोडं मीच बांधून दाराशी ठेवलं होतं. एर्मेक ते आत नेऊन ठेवायचा, मी परत बाहेर आणायची.

काल तो खिंडीत बर्फ किती उरलाय ते विचारायला गेला होता. नुर्झात माझ्याच कोटात मागच्या बाजूला लाकडं रचत होती. मी तिचं फुलाफुलांचं जाकीट चढवलं आणि काश्काकडे गेले. शिंगरू लावलं, बाजूला केलं, गुडघा टेकला. काश्कानं मान वळवून जाकिटाचा वास घेतला, कान मागे टाकले आणि बादलीला अशी लाथ घातली की बादली कुंपणापलीकडे. म्हणजे बघ, इतकी वर्षं ती मला नाही, माझ्या कोटाला पान्हा सोडत होती! मी तिथेच बसून हसत सुटले.

नुर्झातनं पेन खाली ठेवलंय. म्हणतेय, "मी आले तेव्हा तुम्ही हसत नव्हता."

हसत होते.

"आई, तुमचे ओठ निळे पडले होते. मी हे असं लिहिणार नाही."

बघितलंस? मला वाचता येत नाही म्हणून हिची दादागिरी. बरं, लिही तुझं खरं. मला उठता येत नव्हतं. श्वास आत जाईना. घोडीच्या पायांत बसले होते, आणि जिनं लाथ घातली तीच काश्का नंतर एकही पाय हलवत नव्हती. जाकीट परकं आणि आवाज ओळखीचा, असं तिचं झालं असेल. तिचाही माझ्यासारखाच गोंधळ. नुर्झातनं मला काखेत हात घालून उचललं आणि आत आणलं. एवढ्याशा अंगात एवढा जोर आहे, हे लग्नात दिसलं नव्हतं.

संध्याकाळी गाठोडं मीच आत आणलं. यंदा कोट वर जातोय. मी राहतेय.

पटलंय का, असं विचारू नकोस. आत्ता हे सांगता सांगताही एकदा वाटून गेलं की ट्रकात एका म्हातारीला कितीशी जागा लागते. डॉक्टरीण 'विश्रांती घ्या' म्हणाली. ती कशी घेतात ते विचारायचं राहून गेलं. तू जुलैत सुट्टी काढून ये. तुला ठाऊक असेल तर शिकव.

नुर्झातला सगळं सांगितलंय. धारेआधी खडीसाखरेचा एक खडा, उजव्या तळहातावर. कोट धुवायचा नाही, कितीही मळला तरी. ती विचारत होती, "आई, धार काढताना तुम्ही काय पुटपुटता? मंत्र आहे का?" म्हटलं, कसला मंत्र! नवी सून होते तेव्हा सासूला शिव्या घालायचे. काश्काच्या आजीला त्याची सवय लागली, मग घराण्यात चालत आली. तूही घाल. लाल झालीय, पण लिहितेय बघ मुकाट्यानं. आणि हसतेयही.

परवा सकाळी ट्रक वळणावर गेला की मी दाराशी उभी राहीन. कोट कळपाच्या मागून चालत जाईल. हात हलवावा की नाही, अजून ठरलेलं नाही.

खाली राहिलेली,
तुझी आजी

ता. क. खडीसाखर वर पाठव, नुर्झातच्या नावानं. मला खाली लिंबं आणि वाळवलेले गोड जर्दाळू. खारवलेल्या बियांचं म्हणशील तर, तू विसरत नव्हतीस हे मला पहिल्या पिशवीपासून ठाऊक आहे. मीठ बंद, हे डॉक्टरणीच्या खोलीत मीही ऐकलं होतं. तेव्हा बिया या खेपेलाही विसर.