आईचं काळं लोणचं

४ फेब्रु., बुध.
आईची बरणी रिकामी आहे. ताईने आज दुपारी स्वतः तोंडावरचं फडकं, दादरा सोडून, झाकण काढून खात्री केली.
आईच्या हातचं शेवटचं लिंबाचं लोणचं. बारा वर्षांत शाईसारखं काळं झालेलं. घरात कुणी आजारातून उठलं की मऊ भात आणि त्याची एक फोड.
ताई शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हरणीहून त्यासाठीच आली. टायफॉइड उतरून तीन आठवडे झाले, तरी तोंडाला चव नाही. निम्मी झालीय. सकाळी फोनवर म्हणाली, "नंदू, वर मीठ फुटून पांढरं झालं असेल. ते बाजूला सार, खालचं दे." तेव्हाच सांगायला हवं होतं. 'ये' म्हणालो.
ताई म्हणाली, "पोळीवाल्या कांचनबेनला विचारलंस? स्वयंपाकघरात आणखी कोण जातं तुझ्या?"
मी चहा गाळत राहिलो.

५ फेब्रु., गुरु.
निदान इथे तरी लिहितो. गेल्या दिवाळीची साफसफाई. पेपरची रविवारची पुरवणी चारपर्यंत छापायला द्यायची होती. बरणी उघडली, वर पांढरा थर. बुरशी समजून सगळं ओतून दिलं. बरणी घासली, वाळवली, दादरा होता तसा बांधून फळीवर ठेवली. रिकामी दिसू नये म्हणूनच, दुसरं काय.
जन्मभर हाताखालच्यांना विचारलं, बातमीला दुजोरा घेतलात का? इथे ताईला एक फोन केला असता तरी...
नवीन घालताना आई त्यात चमचाभर जुनं घालायची. तिच्या सासूबाईही घालायच्या. ते माझ्यापाशी थांबलं.

७ फेब्रु., शनि.
ताईचा फोन. "कांचनबेनकडची किल्ली काढून घे."
"एकोणीस वर्षं येतेय ती."
"म्हणूनच. कुठे काय आहे ते तुझ्यापेक्षा तिला जास्त माहीत."
'बघतो' म्हणालो. आईला शेवटच्या दिवसांत न्हाऊ घालायची ती कांचनबेनच. हे ताईलाही माहीत आहे.

८ फेब्रु., रवि.
पोळ्या लाटता लाटता कांचनबेनने विचारलं, "ताईबेन केम छे?" जेवत नाही म्हटलं. आईचं लोणचं मागत होती, ते संपलं. 'संपलं' म्हणालो.
"अरे, मारे घेर छे ने, माझ्या घरी. माझ्या लेकीच्या, मंजूच्या बाळंतपणात बाए आपेलुं, तुमच्या आईनेच दिलेलं. अर्धी बाटली राखलीये मी."
ताईला तिच्याबद्दल काय वाटतंय, याची तिला कल्पनाच नाही. उद्या आणते म्हणाली.
"माझ्याकडे द्या, मी पोचवतो."
"ना ना, काका. बानी वस्तू छे. ताईबेनना हाथमां मीच देणार."
ती बाटली पाहून ताई काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येतंय.
संध्याकाळी ताईला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तुला जमायचं नाही. उद्या तुझ्याकडे गोत्रीला येते, किल्ली मीच मागते."
"ताई, ऐक, ते लोणचं..."
"उद्या बोलू. भात लावलाय."
परत लावला नाही.
ताई नऊला येईल. कांचनबेन साडेनऊला, बाटली घेऊन. सांगायला मला अर्धा तास आहे.