बेटावरचा चष्मेवाला

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मला तुम्हाला एका पक्ष्याबद्दल सांगायचंय. इथे परदेशात, बंदरालगतच्या हार्बरफ्रंटला आमच्या ऑफिसच्या खिडक्या उघडत नाहीत. तिथे बसून मी जहाजांचे कागद बघते. इथे राहायचा पास नोकरीवर, नोकरी मॅनेजरच्या मर्जीवर, त्यामुळे सहा वर्षांत मी कशालाच नाही म्हटलेलं नाही. गेल्या महिन्यात ख्रिसमस आयलंडहून खत बनवायचा दगड घेऊन येणाऱ्या जहाजाच्या स्वयंपाक्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. तो रत्नागिरीकडचा, मला ताई म्हणतो. जहाज तिथून निघताना कोठीत एक पाखरू अडकलं होतं, आणि तो त्याला पपई भरवत होता. दहा दिवसांनी जहाज परत तिकडेच जाणार, तेव्हा सोडीन म्हणाला.

डोळ्याभोवतीचं पांढरं कडं बघून मी आपला नेहमीचा चष्मेवाला म्हणणारच होते. तेवढ्यात आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी आठवीत आहे, तुम्ही पोस्टातून नुकतेच आलाय आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या माझी पक्ष्यांची वही वाचताय. "हे पाहिलंस, की ठरवलंस?" एवढंच विचारून तुम्ही वही मिटता. त्या रात्री मी जेवले नव्हते. म्हणून आता आणखी फोटो मागवले, बाजूने, पोटाकडून, आणि दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ताडून पाहिले. आपल्याकडच्यापेक्षा थोराड, चोच लांब, गळ्याचा पिवळा रंग फिका. त्या बेटाचाच चष्मेवाला, मूळचा जगात दुसरीकडे कुठेच नसलेला, आणि तो मी ओळखला होता.

रोजच्या रिपोर्टमध्ये 'प्राणी' या रकान्यापुढे आम्ही सगळे न वाचता 'निल' लिहितो. मी पक्ष्याचं नाव लिहिलं, शास्त्रीय नावासकट. संध्याकाळी जहाजाच्या मालकांचं उत्तर आलं: उतरवायचा नाही, सोडायचा नाही, जहाजावर ठेवायचाही नाही. माझ्या पासचा अर्ज त्याच आठवड्यात मॅनेजरच्या सहीसाठी टेबलावर पडलेला होता. मी उत्तर तसंच जहाजाकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक्याचा फोन आला. कॅप्टनसमोर त्यालाच त्या पाखराला मारावं लागलं होतं. आवाज चढवला नाही त्याने. "ताई, नाव कशाला लिहिलंत? मी नेलं असतं की त्याला." मी त्याला नियम सांगितला, जहाजावर प्राणी असला तर तो कळवावाच लागतो. बरं, म्हणाला, आणि फोन ठेवला.

हे कुठे पाठवता येत नाही, म्हणूनच लिहिते. नाव लिहिलं तेव्हा तो नियम मला माहीतही नव्हता. मला फक्त वाटत होतं, ऑफिसात कुणीतरी विचारावं, तुला हे कसं कळलं. कुणीच विचारलं नाही.