निनावी पत्राचा कर्ता

३ मार्च, मंगळवार

चार महिने नऊ दिवस या वहीत काही लिहिलं नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. (दिलगिरी कोणाकडे? वही माझी, वाचणारा मीच. तरी चूक ती चूक.) कारण एवढंच, की ऑक्टोबरची शेवटची नोंद अजून मनासारखी उतरलेली नाही.

आज मात्र लिहिणं भाग आहे. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि आमचा विभाग ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देतो. मसुदे टायपिस्टबाई धरून सहा जण करतात, तपासतो मी. काल विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर निनावी पत्र आलं, आमच्याच प्रिंटरवर छापलेलं. ‘विभागातली एक व्यक्ती सगळं अडवून ठेवते. लिफ्ट दुरुस्त होऊन पुन्हा बंद पडते, तरी पहिल्या वेळचं दिलगिरीपत्र गेलेलं नसतं.’ भाषा ढिसाळ, पण मुद्दा रास्त. रोख उघड आहे: स्टोअरकीपर. कागदाचं एक रीम द्यायला त्याला तीन सह्या लागतात.

संशय टायपिस्टबाईंवर. त्यांचं कंत्राट महिनाअखेर संपतंय आणि घरात कमावत्या त्या एकट्याच. मॅडम म्हणाल्या, तेरा तारखेला काय ते ठरवू. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

निश्चय: पत्राची प्रत मॅडमकडून मागून घेतली आहे; त्याचा खरा कर्ता मी शोधणार. शास्त्रीय पद्धतीने. तेरा तारखेच्या आत.

५ मार्च, गुरुवार

मेहुणा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्याने एक प्रोग्रॅम दिला. तो म्हणे मोठ्या शब्दांकडे बघतच नाही. ‘पण’, ‘तर’, ‘मग’, ‘तसं’ असे बारके शब्द मोजतो. माणूस मोठे शब्द जपून वापरतो, बारके त्याच्या नकळत सांडतात. कोणाचे किती सांडतात यावरून लेखक सापडतो. प्रत्येकाच्या लिखाणाचे नमुने मात्र हवेत. मी म्हटलं, सहाही जणांची चार वर्षांची पत्रं माझ्या कपाटात आहेत. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, फक्त नमुने जसेच्या तसे द्या.” मी म्हटलं, हे मला सांगायला नको.

७ मार्च, शनिवार

सकाळपासून टाइप करतोय. जसंच्या तसंच. अपवाद: जिथे वाक्य सरळसरळ लंगडं होतं तिथे हात दिला. मशीनला उगाच त्रास कशाला? कपाटातली पत्रं मी पूर्वीच तपासलेली, त्यामुळे काम फारसं उरलं नव्हतं. निनावी पत्र मात्र बरंच सुधारावं लागलं. अकरा ठिकाणी.

हे योग्य की अयोग्य, यावर चहा गार होईपर्यंत विचार केला. योग्य.

हिने विचारलं, बाथरूमचा नळ केव्हा बघताय? म्हटलं, एका बाईच्या नोकरीचा प्रश्न आहे. ही म्हणाली, इथेही एका बाईचाच प्रश्न आहे.

९ मार्च, सोमवार

पहिला निकाल. सहाही जणांचं लिखाण एकाच माणसाचं आहे असं प्रोग्रॅम म्हणतो. विभागात इतकी एकजूट असेल असं वाटलं नव्हतं. मन भरून आलं.

टायपिस्टबाई दुपारी डबा न उघडताच बसून होत्या. त्यांना म्हटलं, काळजी करू नका, मी आहे. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी वाढल्यासारखी वाटली. भास असेल.

निःपक्षपातीपणा म्हणून उद्या माझाही नमुना घालतो.

१० मार्च, मंगळवार

निनावी पत्राचा कर्ता: मी. सत्त्याण्णव टक्के.

तीनदा चालवून पाहिलं. तिसऱ्यांदा अठ्ठ्याण्णव.

मला आठवत नाही. पण आठवत नाही हा काही पुरावा नव्हे. मशीनचं माझ्याशी वैर नाही. शिवाय मुद्दा मला पहिल्या वाचनातच पटला होता, इतका आपलेपणा उगाच वाटतो का? हिला सांगितलं. ही कणीक मळत होती, ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, “अहो, तुम्ही लिहिलं असतं तर अजून पहिल्याच परिच्छेदावर असता.”

भावनेच्या आहारी जाऊन चालणार नाही. उद्या कबुली देतो.

११ मार्च, बुधवार

दिली. प्रोग्रॅमने काढलेल्या आलेखासकट. मॅडमनी आधी आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “आणि हे पत्र कोणाबद्दल आहे, असं तुम्हाला वाटतं?” म्हटलं, स्टोअरकीपर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग टायपिस्टबाईंना बोलावून माझ्यादेखत सांगितलं, की त्यांचं कंत्राट वाढतंय आणि आजपासून पत्रं त्यांच्याकडून थेट जातील. मधे कोणी नाही.

म्हणजे मी जिंकलो. बाईंची नोकरी वाचली. ‘मधे कोणी नाही’ हे घाईत बोलल्या असाव्यात.

१२ मार्च, गुरुवार

दुपारपर्यंत एकोणीस पत्रं गेली. माझ्या टेबलावर एकही आलं नाही. टेबलाचा रंग हिरवा आहे हे आज कळलं.

जेवणाच्या सुट्टीत मेहुण्याचा फोन. सगळं ऐकून बराच वेळ हसला. म्हणाला, सगळ्यांचे पेपर तुम्हीच लिहायचे आणि वर विचारायचं, अक्षर कोणाचं. मला राग आला. मग पटलं. मग जास्त राग आला.

कबुली मागे घ्यायला उठलो, तर टायपिस्टबाईच समोर. खुर्ची ओढून बसल्या. आवाज हळू होता.

“सर, ते पत्र मी लिहिलं. तुमच्याबद्दल. तुम्ही माझ्यासाठी स्वतःवर घेतलंत म्हणून सांगते, नाहीतर जन्मात सांगितलं नसतं.”

मी म्हटलं, स्टोअरकीपर? त्या म्हणाल्या, त्याचं नावसुद्धा मनात नव्हतं. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे ठेवली. ती खाल्ली. मग म्हटलं, पत्र चांगलं होतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही ते वाचलंत कुठे, सर? तुम्ही तपासलंत.”

कबुली मागे घेतली नाही.

उद्या: मूळ पत्र वाचणे. हातात पेन न घेता.