आपला म्हटलेला माणूस

माय, आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू असतीस तर काथ्या वळता वळता नुसती मान हलवली असतीस आणि माझा एक शब्द कानात घेतला नसतास, म्हणून लिहून काढते. वयाने मी आता तुझ्याहून मोठी झाले आहे. तू पन्नाशीही पाहिली नाहीस. तेव्हा आज तरी "गप रव गो" म्हणायची सोय तुला नाही.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि मी अकरा वर्षांची होते, त्या वर्षीची गोष्ट. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात उतरल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात बाबांची होडी खडकांपाशी उलटली. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले, बाबा लागले नाहीत. माणसं घरी येत, देवाची मर्जी म्हणत, पेजेला नको म्हणत आणि जात. तू आभाळाकडे बोट करून सगळ्यांना एकच सांगायचीस, "हंय आमी पावणी. आमचा घर थंय." मला तुझ्या त्या 'थंय'चा वीट आला होता. माझा बाप मला हंय हवा होता. कुणाच्या तरी गलबताने त्याला उचललं असेल, मुंबईला किंवा कारवारला उतरवलं असेल, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. माझ्या हिशेबी तो वाटेत होता.

मग बाराव्या दिवशी निरोप आला की तोंडवलीच्या वाळूवर एक प्रेत लागलं आहे. मामाने बैलगाडी केली. मला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण मी गाडीचा कठडा सोडला नाही, तेव्हा तूच म्हणालीस, येऊ दे तिला. तरीतून खाडी ओलांडून आम्ही पोचलो तेव्हा चार माणसं नाकाला फडकं लावून उभी होती. चेहरा राहिलाच नव्हता. मामाने तोंड फिरवलं. पण मी पायांकडे बघते आहे. बाबांच्या डाव्या पायाची करंगळी नांगराच्या दोरात सापडून गेलेली, आणि इथे दोन्ही पायांची दहाच्या दहा बोटं. मला इतका आनंद झाला माय, की मी हसले असेन. पोलीस पाटील म्हणाला, "वळख पटता काय? नायतर हंयच वाळूत पुरूचो लागतलो." बेवारस माणसाला तेव्हा असंच भरतीच्या रेषेवर पुरायचे, कोल्ही उकरून काढायची. तू खाली वाकलीस, त्या माणसाच्या पायांवरची वाळू हाताने झाडलीस. म्हणजे बोटं तूही मोजलीस. आणि उठून म्हणालीस, "ह्यो माझो घोव."

मी ओरडणार होते. तू माझं मनगट धरलंस आणि गाडीपर्यंत सोडलं नाहीस. उन्हं उतरायच्या आत आमच्या चर्चमागच्या सिमितेरीत खड्डा झाला, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, घंटा वाजली, सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मी टाकली नाही. मामा म्हणाला, पोर हबकली आहे. मी हबकले नव्हते, संतापले होते. माझ्या बापाचं नाव घेऊन तू एका परक्याला पुरलंस, आणि आता बाप परत आला तरी गाव त्याला भूत म्हणणार, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तू मागल्या दारी काथ्यासाठी नारळाची भिजलेली सोडणं कुटत होतीस. लाकडी मोगरी एका लयीत पडत होती. मी समोर उभी राहून म्हणाले की तू खोटारडी आहेस. मोगरी थांबली. तू म्हणालीस, "खंयच्या तरी बायलेचो घोव आसा तो. शेवटच्या दिसा सगळीच उठतली, तेव्हा तो आपल्या माणसांकडे जायत. तवसर हंय निजूं दे." मी विचारलं, आणि माझा बाप? तू मोगरीला चिकटलेला काथ्या काढलास. मग हळू म्हणालीस, "तुझ्या बापाशीक पण खंयच्या तरी किनाऱ्यार कोणीतरी आपलो म्हटल्यान आसतला." आणि पुन्हा कुटायला लागलीस. म्हणजे तू त्याला मेलेला धरलंस, तेही माझ्या तोंडावर. त्याबद्दल मी तुला आजही सोडणार नाही.

पुढे ईस्टरआधीच्या उपासकाळात तू आयतवारी चर्चमध्ये कोमुन्यांवाची भाकर घ्यायला उठेनाशी झालीस, बाकावर बसून राहायचीस. बायका कुजबुजू लागल्या. फार नंतर तू सांगितलंस की कबुलीला गेल्यावर पाद्रीबाबांनी तुला पाटलाकडे जाऊन खरं सांगायला सांगितलं होतं, तोवर क्षमा नाही आणि कोमुन्यांवही नाही, आणि तू नाही म्हणालीस, कारण मग त्या माणसाला पुन्हा बाहेर काढतील. "देव इचारीत तेव्हा सांगान. तेका घाई नाय." मामा म्हणायचा, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ती ही बाई. खरंच होतं ते. लोक समजतात की स्वर्गाकडे डोळे लावलेली माणसं मऊ होतात, सोसत बसतात. तू कसली मऊ! पाटलाला फसवलंस, पाद्रीबाबांना नकार दिलास, पोटच्या पोरीचा राग वर्षानुवर्षं अंगावर घेतलास. हे जग थोड्या दिवसांचं म्हणून तू त्याला भीकच घालत नव्हतीस.

आणि मला ते जमलं नाही, हे तुला ऐकायलाच हवं. मी नर्स झाले, इस्पितळात माणसं मरताना पाहिली, आणि कुणी त्यांच्या नातेवाइकांना 'देवाघरी सुखी आहे' म्हणालं की माझं डोकं अजून तापतं. रडू द्या की त्यांना! पण ज्यांच्यासाठी कुणीच येत नसे, त्यांना न्यायला गाडी येईपर्यंत मी खाटेपाशी उभी राहायचे. ड्यूटी संपली तरी. का, ते मला विचारू नकोस. स्वर्गासाठी नक्कीच नाही.

तू गेलीस तेव्हा खणणाऱ्याने विचारलं, खंय खणू? आपल्यात जुना खड्डा उघडून घरातल्याच माणसाला त्यात ठेवतात. मामा माझ्याकडे बघत होता. मला खरं सांगायची ती शेवटची संधी होती, आणि मी बारा वर्षं तिचीच वाट पाहत होते. मी म्हणाले, "माझ्या बापाशीच्या फोंडात." हाडं निघाली ती खणणाऱ्याने माझ्यापुढे धरली. मी ती धुतली, पुसली आणि तुझ्या पायथ्याशी ठेवली. या वेळी मातीही टाकली. तुला वाटलं असेल, पोर शेवटी वळणावर आली. आली नाही. तुझं खोटं गावापुढे उघडं पडलेलं मला चाललं नसतं, एवढंच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, चुलीतही नाही. फक्त एक सांगायचं राहिलं, आणि ते भांडून सांगता येत नाही. आपल्या घरात बाबांचा एकही फोटो नव्हता. मला त्यांचा चेहरा आठवत नाही माय, कित्येक वर्षं झाली. म्हणून त्या दिवशी, तुझ्या त्या दिवशी, सगळी उठतील तेव्हा तू माझ्याजवळ उभी राहा आणि त्यातला माझा बाप कुठला, ते मला दाखव.