आईने जीपखाली ट्रकचे ॲक्सल बसवले त्याची हकिकत

ती. मावशीस,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (खरं तर सध्या मी वाकलेलाच आहे, सरळ व्हायला वेळ लागतो. कारण पुढे येईलच.) गुडघे कसे आहेत? वर थंडी पडली असेल, पायांत मोजे घालतेस ना? खोकल्याचं औषध संपलं असेल तर संपलं असं कळव, ‘आहे अजून थोडं’ असं कळवू नकोस. तुझं थोडं म्हणजे रिकामी बाटली, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. इकडे आम्ही बरे आहोत. आईची तब्येत तर इतकी ठणठणीत आहे की आमचीच बिघडायची वेळ आलीय. फोनच करणार होतो, पण तुझ्या डोंगरावर तो मनात आलं तर लागतो, नाहीतर नाही. म्हणून लिहायला बसलो.

तुझा निरोप आला तिथून सुरुवात करतो. महिनाअखेर घराला कुलूप लावून दिरांकडे कायमची राहायला जाणार, वर आता कोणी येऊ शकत नाही, एकटीने किती दिवस काढायचे, असा तो निरोप. आई तेव्हा मशीनवर बसून कुणाचा तरी कोट शिवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातली शिवण पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “कोणी येऊ शकत नाही म्हणजे? मी काय मेले?” आता तुला माहीतच आहे, रस्ता खचल्यापासून तुझ्याकडे यायला उरलाय तो फक्त ओढ्यातला चढ. आणि आमची छोटी जीप त्या चढावर दरवेळी एकाच धोंड्यापाशी मागचा ॲक्सल मोडून घेते. (ॲक्सल म्हणजे दोन चाकांच्या मधला दांडा. सगळा भार त्याच्यावर, आणि दिसत मात्र कुणाला नाही. आमच्या घरात तो कोण आहे, याबद्दल आमच्या हिचं, म्हणजे तुझ्या सूनबाईचं, एक मत आहे, ते ती तुला समक्ष सांगेल.)

मला वाटलं आई रडेल, मग मी तिची समजूत काढेन. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी तेच करतो, मला सवय आहे. पण कसलं काय! सकाळी तिने मापाची टेप गळ्यात अडकवली आणि मला घेऊन थेट भंगारवाल्याचं आवार गाठलं. तिथे एक मोडीत काढलेला मालट्रक उभा होता, चारही चाकांनी ओढणारा. बघता बघता आई त्याच्याखाली आडवी शिरली. या वयात! नुसते पाय बाहेर. भंगारवाल्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, बाईंना चक्कर आलीय का. मी म्हटलं नाही, त्या माप घेताहेत. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, नाकाला ग्रीस, डोक्यात गंज, आणि ट्रकच्या ॲक्सलवर थाप मारून म्हणाली, “कापड चांगलं आहे.” मावशी, काय तो ॲक्सल! एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग, अखंड, माझ्या मांडीएवढा जाड. (माझी मांडी तू बघितली आहेस.) त्याच्याशेजारी जीपचा ॲक्सल म्हणजे लाटण्याशेजारी पेन्सिल. आईने पुढचा आणि मागचा दोन्ही घेतले. ते उचलून टेम्पोत चढवताना माझ्या कंबरेतून जो आवाज आला, तो सगळ्या आवाराने ऐकला.

मग आमच्या अंगणात कारखाना सुरू झाला. मदतीला वेल्डर आला. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. (ही पदवी त्याने स्वतःच घेतलीय आणि कुणी विसरलं तर तो आठवण करून देतो.) उस्तादचं म्हणणं, मापं-बिपं काही लागत नाहीत, आपली नजरच टेप आहे. आईने त्याच्या नजरेकडे एक नजर टाकली आणि वर्तमानपत्रं चिकटवून कागदी पॅटर्न कापायला बसली. कोटाला खांदा, घेर आणि उंची असते ना, तसं तिने जीपचं केलं. स्प्रिंगचे पाटे कुठे टेकणार, बोल्ट कुठून जाणार, चाक वळलं की कुठे घासणार, सगळं खडूने आखलं. मला कामं दोन, जॅकचा दांडा मारायचा आणि गडगडत गेलेले नट शोधायचे. घरात जेवायच्या टेबलावर ब्रेकच्या नळ्या, न्हाणीघरात रॉकेल, आणि सूनबाई शांतपणे बादलीतले बेअरिंग बाजूला करून कपडे भिजवायची. मी म्हटलं, तू काही बोलत का नाहीस? तर म्हणे, बघण्यासारखं चाललंय, बघू दे की.

आता जे झालं ते फक्त शिंप्याच्याच घरात होऊ शकतं. शिंपी कापडावर खुणा करतो त्या नेहमी उलट्या बाजूने. उलट्या बाजूनेच शिवतो आणि शेवटी कपडा फिरवून सुलटा करतो. जन्मभराची सवय! आईने मागच्या ॲक्सलचा पॅटर्नही उलट्या बाजूनेच आखला आणि उस्तादने तो सुलटा समजून त्यावरून ॲक्सल धरायचे टेकू जोडून टाकले. ॲक्सलमध्ये एका अंगाला एक मोठा लोखंडी गोळा असतो, आत दात्यांची चक्रं असतात. तो यायला हवा होता उजवीकडे, जायला लागला डावीकडे. सगळे विचारात पडले. मग उस्तादला स्फुरण चढलं, म्हणाला, त्यात काय, ॲक्सल पालथा घाला! घातला. गोळा बरोब्बर उजवीकडे आला, बोल्ट लोण्यात जावेत तसे गेले. मी आपलं सहज विचारलं, तेल घालायचं बूच जमिनीकडे कसं आलं? उस्ताद म्हणाला, जुन्या मालाची हीच तर मजा आहे. चष्मेवाल्याला कोण विचारतो!

चाचणीच्या दिवशी आई चालकाच्या जागेवर बसली आणि चारही चाकांना जोर जोडून पहिला गिअर टाकला. पुढची चाकं पुढे निघाली. मागची मागे. जीप जागच्या जागी थरथरायला लागली, फरशा उखडल्या, पण एक बोट हलेल तर शपथ. (ॲक्सल पालथा घातला की चाकं उलटी फिरतात, हे साधं शहाणपण तेव्हा कुणाकडे होतं?) उस्ताद ओरडला, पुढचा जोर काढा! आईने काढला, आणि जीप पहिल्या गिअरमध्ये मागे सुटली. तिला वाटलं गिअर चुकला, म्हणून तिने दुसरा टाकला. जीप आणखी जोरात मागे! तिसरा पडायच्या आत ती शेजाऱ्यांच्या कुंपणात जाऊन बसली. उस्ताद तरी हार मानेना. म्हणाला, असू द्या, पुढे जायला एक आणि मागे जायला चार गिअर, असं वाहन दुसऱ्या कुणाकडे आहे? तोंड फिरवून चढा डोंगर!

मी आईकडे बघायचं टाळत होतो. तुझी महिनाअखेर तोंडावर आली होती, आणि सगळं जोडकाम चुकलेलं. मला वाटलं, आता संपलं. तर ती कुंपणातून काटे झटकत खाली उतरली, पालथ्या ॲक्सलकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, “उसवा.” बस्स, एवढंच. चिडली नाही, कुणाला बोल लावला नाही. उस्तादने टेकू कापले, तिने पॅटर्न नव्याने आखला, या खेपेला सुलट्या बाजूने, आणि प्रत्येक जोडावर हात फिरवून मगच त्याला पुढे जाऊ दिलं. मी तिच्या हाताखाली बॅटरी धरून होतो. चाळीस वर्षांचा घोडा झालोय मी, पण माझी आई कोण आहे हे मला त्या जीपखाली पाठीवर पडल्यावर कळलं.

काल ती जीप तिने गल्लीच्या टोकाच्या बांधकामावर नेली. तिथे फोडलेल्या दगडांचा ढीग आहे, माझ्या छातीएवढा उंच. आई सरळ त्याच्यावर गेली. एक चाक आभाळात, एक खड्ड्यात, आणि तो जाडजूड ॲक्सल दगडावर घासत, खरवडत, पण न वाकता वर वर चाललेला. गवंडी हातातली थापी तशीच धरून उभे. ढिगाच्या माथ्यावर जीप थांबली, आत एवढीशी आई, गळ्यात टेप. माझे तर डोळे भरून आले. उस्तादही रडत होता, पण तो म्हणाला वेल्डिंगमुळे डोळे चुरचुरताहेत.

असो. फार लांबलं. प्रकृतीला जप, मोजे घाल. थोरली म्हणून तुला नमस्कार, आणि तिकडची थंडी सोसतेस म्हणून आणखी एक.

तुझा,
कंबर धरून बसलेला भाचा

ता. क. आता खरं काय ते लिहितो. आई रविवारी तुझ्याकडे यायचं ठरवतेय. तुला चकित करायचंय म्हणून कळवू नको अशी मला ताकीद आहे. पण मावशी, दिरांनी तुला खुर्चीत बसवून खाली न्यायला माणसं पाठवली, तरी तू हलू नकोस. गुडघा धरला म्हण, चूल बंद करायची राहिली म्हण, वाटेल ते नाटक कर. पुढे तुला जायचंच असेल तर जा, आम्ही कोण अडवणारे? पण एकदा तिची गाडी तुझ्या दारात उभी राहू दे. ती वर पोचली आणि तुझ्या दाराला कुलूप असलं, तर ते मला बघवणार नाही.

आणखी एक. मी तुला कळवलंय हे आईला बोलू नकोस. म्हणूनच पत्र टाकायला तुझ्या सूनबाईकडे देतोय.

*

ताई, हे अक्षर माझं. सूनबाईने पत्र आणून माझ्याच हातात दिलं, शहाणी आहे पोर. पाकीट चिकटवलेलं नव्हतं म्हणून वाचलं. चिकटवलेलं असतं तरी वाचलं असतं. रविवारपर्यंत कोण थांबतंय? आणि पोस्टाला तुझा डोंगर चढायला आठवडा लागतो, म्हणून मीच घेऊन आले. फाटकाखालून आत सरकवतेय. बांधलेलं सामान सोड, आणि त्याआधी कडी काढ. तुला हाका ऐकू येत नाहीत आणि मेला हॉर्न बसवायचा राहून गेलाय.